वीस फोटो, दहा पानं

सांगलीला बहिणीकडे त्या रविवारी आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर लग्न पसरलं होतं. फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेल्या चौदाशे फोटोंतले दीडशे भाचीने छापून आणले होते आणि त्यातून वीस काढायचे होते. कॅनडा सरकारच्या कागदपत्रांच्या यादीत आकडेच दिलेले आहेत. नात्याचा पुरावा म्हणून फोटो, जास्तीत जास्त वीस. एकमेकांशी संपर्क असल्याचा पुरावा, म्हणजे पत्रं, ईमेल, मोबाइलवरचं बोलणं, जास्तीत जास्त दहा पानं.

बहिणीने अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख असे फोटो विधींच्या क्रमाने लावले. त्यामागे स्टेजवरचे: साताऱ्याचे काका, मिरजेच्या आत्या, बँकेतले सहकारी. भाची बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ह्यात आम्ही दोघं कुठं आहोत?"

"म्हणजे? सगळ्यांत आहात की!"

"आहोत, पण कॅमेऱ्याकडे बघतोय. एकमेकांकडे एकाही फोटोत नाही."

भाचीची आजी, म्हणजे आमची आई, मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नात नवरा-नवरी एकमेकांकडं बघत बसली असती, तर चार लोकांनी काय म्हटलं असतं?"

आजीच्या हिशेबाने लग्न खरं ठरतं ते ह्या चार लोकांमुळे. त्यांनी बघितलं, अक्षता टाकल्या, जेवले, नावं ठेवली आणि घरी गेले; आणखी पुरावा कसला? पण फाइल उघडणारा अधिकारी ह्या चार लोकांपैकी नसतो. त्याला दोघांचं नातं दोघांच्या तोंडून ऐकायचं असतं, आणि नेमकी तीच सवय आपल्याकडे कुणाला नसते.

भाचीचा नवरा मिसिसागाला असतो. तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी. ह्या व्यवहारात तो 'स्पॉन्सर' आणि ती 'ॲप्लिकंट'. अठरा वर्षं पूर्ण झालेला कॅनडाचा नागरिक किंवा पीआर आपल्या जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो. नागरिकाला परदेशात राहूनही अर्ज करता येतो, मात्र जोडीदाराला पीआर मिळाल्यावर कॅनडात येऊन राहायचा इरादा दाखवावा लागतो. पीआरला कॅनडातच असावं लागतं. जोडीदारासाठी उत्पन्नाची किमान अट सहसा नाही. ब्रिटनमध्ये ती आहे, आणि एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांवर गेली आहे.

कॅनडात अट नसली तरी हमी आहे. बायको पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं तिच्या मूलभूत गरजांची जबाबदारी नवऱ्याची. मध्ये त्याची नोकरी गेली, भांडणं झाली, अगदी घटस्फोट झाला तरी सही मागे घेता येत नाही. तिला सरकारी मदत घ्यावी लागली तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. आपल्याकडे नवरा 'नातिचरामि' म्हणतो. त्याला मुदत नसते आणि वसुलीही नसते.

खर्चाचं म्हणाल, तर २०२४ च्या एप्रिलअखेर लागू झालेल्या दराने स्पॉन्सरशिपचे ८५ डॉलर, छाननीचे ५४५, पीआरच्या हक्काचे ५७५ आणि बोटांच्या ठशांचे ८५. एकूण १,२९० कॅनेडियन डॉलर, रुपयांत पाऊण लाखाच्या पुढे. शिवाय ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडचं मेडिकल आणि पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी. पीसीसीच्या चौकशीला हवालदार घरी आले तेव्हा आजीने त्यांना चहा दिला आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगितलं, "कॅनडाच्या कामाचं आहे हो!"

हे सगळं पैसे भरून आणि चकरा मारून होतं. खरी अडचण आली ती एका फॉर्मपाशी. आयएमएम ५५३२ असा त्याचा नंबर. त्यात दोघांनी आपल्या नात्याची हकिगत सांगायची असते: ओळख कशी झाली, कुणी करून दिली, पहिल्यांदा प्रत्यक्ष कुठे भेटलात, नातं पुढे कसं गेलं, लग्न कसं झालं, कोण कोण हजर होतं.

भाचीने आधी मराठीत कच्चं लिहून काढलं. सातच ओळी. "मामांकडून स्थळ आलं. पत्रिका जुळली. दोन्ही घरांना पसंत पडलं. लग्न ठरलं. साखरपुडा झाला. लग्न लागलं. नंतर ते कॅनडाला गेले." मी वाचलं आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या भाषेत लग्नाला कर्ताच नसतो. लग्न जमतं, ठरतं, लागतं, होतं, मोडतं. पाऊस पडावा तसं. 'लग्न केलं' असं आपण म्हणतो ते बहुधा पळून जाऊन केलेल्या लग्नाबद्दल, नाहीतर बापाने मुलीचं करून दिलं तेव्हा. इंग्रजी फॉर्म मात्र प्रत्येक ओळीत विचारत होता: कुणी? केव्हा? मग तुला काय वाटलं?

"मला काय वाटलं हे मला कुणी विचारलंच नव्हतं गं मावशी," भाची म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

दुसरा खर्डा लिहायला तिला तीन आठवडे लागले. त्यात मामांचं स्थळ होतंच, पण पुढे असं होतं: दोघं होकाराआधी एकोणीस दिवस फोनवर बोलले. अकराव्या दिवशी त्याने सांगितलं, वडिलांचं कापडाचं दुकान बुडालं आहे, शिक्षणाचं कर्ज फिटायला अजून चार वर्षं लागतील, आणि हे मामांना माहीत नाही. "त्या रात्री मी होकार द्यायचं ठरवलं, घरी सांगितलं आठ दिवसांनी," असं तिने लिहिलं होतं. बहिणीने हे वाचलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. कर्जाची गोष्ट तिलाही त्या कागदावरूनच कळली.

दहा पानांचं काम मात्र मजेचं निघालं. दोन वर्षांचं मोबाइलवरचं बोलणं हजारो पानांचं होतं, त्यातली दहा निवडायची. मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये नसेल तर भाषांतर जोडावं लागतं, म्हणून पुण्यातल्या एका अनुवादक बाईंकडे ती पानं गेली. अशा कामांत त्यांची पंधरा वर्षं गेली आहेत. त्यांना मी विचारलं, सगळ्यांत अवघड काय जातं? म्हणाल्या, "'जेवलीस का?' रोज असतं. दिवसातून दोनदा असतं. मी आपलं 'हॅव यू ईटन' लिहिते. इंग्रजीत ते आईने पोराला विचारल्यासारखं वाटतं, नाहीतर डॉक्टरने. मला माहीत आहे ना, ह्या प्रश्नात रुसवा असतो, माफी असते, झोप येत नाहीये हे असतं. पण मला शब्दाला शब्द द्यावा लागतो. पदरचं घालता येत नाही." दुसरी अडचण 'अहो'ची. दोघं एकटी असताना 'ए' आणि 'तू', आणि घरच्या ग्रुपवर तीच मुलगी त्याच माणसाला 'अहो, तुम्ही'. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. जे वाचून कुणाही मराठी माणसाला ह्या दोघांचं नातं दोन मिनिटांत कळलं असतं, तेच भाषांतरात गळून पडतं.

लग्नाच्या दाखल्याचीही एक कथा आहे. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याने होते. नमुना 'ड' भरायचा, वधूवरांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या घ्यायच्या, शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. शहरात हे महापालिकेत होतं, गावात ग्रामपंचायतीत. नाव हा त्यातला खड्डा. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतर तिथे नवरा येतो, आडनाव बदलतं, काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावही बदलतात. मग पदवी एका नावाने, आधार दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्याच. एकाच मुलीच्या तीन मुली होतात आणि त्या तिघी एकच आहेत हे पटवत बसावं लागतं. भाचीने नाव बदललंच नाही. सासूबाई थोड्या हिरमुसल्या. मग "फाइलला बरं पडतं म्हणे" असं त्याच इतरांना सांगू लागल्या.

दुसरा खड्डा तारखेचा. मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, मुहूर्त मिळतो सहा महिन्यांनी, आणि एजंट सांगतो, "आधी नोंदणी उरकून घ्या, फाइल लावू, लग्न सावकाश करा." ह्या सल्ल्यावर १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच बोट ठेवलं. व्यावसायिक वैमानिक असलेल्या एका जोडप्याने खासगी संस्थेचा दाखला घेऊन उत्तर प्रदेशात नोंदणी केली होती, विधी नंतर करायचे होते; त्याआधीच बिनसलं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. परदेशच्या व्हिसाच्या अर्जासाठी वेळ वाचवायला अशा नोंदण्या होतात, असा स्पष्ट उल्लेखही निकालात आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं तसं नाही. तिथे तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि विवाह अधिकाऱ्यासमोर होतं तेच लग्न. पण तसं करून सहा महिन्यांनी पुन्हा मांडव घातला, तर लग्नाच्या दोन तारखा होतात आणि फाइलमध्ये दोन्ही समजावून सांगाव्या लागतात.

एवढं सगळं कशासाठी? कॅनडाच्या नियमावलीतल्या चौथ्या नियमासाठी. लग्न खरं नसेल, किंवा ते मुख्यतः स्थलांतराचा लाभ मिळवण्यासाठी केलेलं असेल, तर पती-पत्नीचं नातं धरलं जात नाही. ह्या वाक्यातला 'किंवा' ३० सप्टेंबर २०१० रोजी आला. त्याआधी तिथे 'आणि' होतं. 'आणि' होतं तोवर दोन्ही दोष सिद्ध झाले तरच अर्ज पडायचा. 'किंवा' आल्यावर एक पुरतो. म्हणजे संसार आज कितीही खरा असला, तरी लग्न लागलं त्या दिवशी मुख्य हेतू पीआरचा होता असं अधिकाऱ्याला वाटलं तर नकार येऊ शकतो.

हे मी बहिणीला समजावून सांगत होते. ती उठली आणि कपाटातून भाचीचा बायोडाटा घेऊन आली. अपेक्षांच्या रकान्यात तिनेच टाइप करून घेतलेलं होतं: 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी, परदेशी स्थायिक असल्यास प्राधान्य.' म्हणाली, "हे लपवायचं का आता? अगं, बागायती जमीन बघून मुली दिल्या, सरकारी नोकरी बघून दिल्या, पुण्यात फ्लॅट आहे म्हणून दिल्या. तेव्हा ती लग्नं खोटी नव्हती. पीआर बघितला तर काय बिघडलं?"

तिचं बरोबर होतं, आणि कायदाही तिला पूर्ण चूक म्हणत नाही; कळीचा शब्द 'मुख्यतः' आहे. बरं स्थळ बघणं हा गुन्हा नाही. पण 'प्राधान्य' कुठे संपतं आणि 'मुख्य' कुठे सुरू होतं हे मोजायला तराजू नाही. ते फाइल वाचणारा माणूस ठरवतो.

परक्या सरकारने आपली लग्नं तपासण्याला शंभरावर वर्षं झाली. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला की मायदेशातून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश. भारतातून तसं जहाज मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पंजाबातून गेलेले शीख लाकूडगिरण्यांत राबत होते आणि त्यांच्या बायका गावी राहिल्या होत्या. बायका-मुलांना आणायची वाट १९१९ मध्ये उघडली. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी न्या. सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्मविधीने झालेलं लग्न तिथला कायदा मानत नाही. एका निकालाने हिंदू-मुसलमानांच्या लग्नाच्या बायका कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. पुढच्या वर्षीच्या कायद्याने ही लग्नं मान्य झाली. बा तुरुंगात गेल्या त्यामागे मिठाचा किंवा खादीचा नाही, तर लग्नाच्या दाखल्याचा प्रश्न होता, हे आपण सहसा विसरतो.

आणि १९७९ चा हीथ्रो विमानतळ. भारतातून लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेवर तिथे कौमार्यचाचणी झाली. वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, बायकोला मात्र रांगेत थांबावं लागे. ही आधीच विवाहित असेल असा अधिकाऱ्यांना संशय. 'द गार्डियन'ने बातमी छापली तेव्हा ती प्रथा थांबली. पण लग्नाचा 'मुख्य हेतू' तपासणारा ब्रिटनचा नियम, ज्याचा फटका भारतीय उपखंडातल्या नवऱ्यांना बसला, १९९७ पर्यंत चालू होता. त्या मानाने वीस फोटो मागणं सभ्य म्हणायचं.

सभ्य, पण त्या वीस फोटोंतही एक साचा दडलेला असतो. पुण्यात एक शिक्षिका भेटल्या. नवरा-बायको दोघांचंही दुसरं लग्न, आळंदीला, तीस माणसांत. पहिल्या लग्नात कर्ज काढून आठशे पानं उठवली होती आणि ते दोन वर्षांत मोडलं, म्हणून ह्या वेळी दोघांनी ठरवून साधं केलं. अर्ज नामंजूर झाला. कारणांत होतं: पाहुणे कमी, मुलाचे आईवडील गैरहजर, समारंभ प्रथेला धरून नाही. "प्रथा मला त्यांच्याकडून कळली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जोतिबांच्या काळापासून साध्या लग्नाचं कौतुक. आजोबांनी सत्यशोधक पद्धतीने लग्न केलं, भटजी नव्हता. वडिलांचं रजिस्टर झालं, पेढे वाटून. माझंच तेवढं खोटं!"

नकारानंतर तीस दिवसांत अपील करता येतं, आणि ते करायचं असतं कॅनडातल्या जोडीदाराने. अपिलात नवा पुरावाही मांडता येतो. ह्या बाईंच्या नवऱ्याच्या तीन भारतभेटी, सासऱ्यांच्या आजारपणात हिने केलेली धावपळ, हॉस्पिटलच्या बिलावरची हिची सही, हे सगळं मांडलं गेलं. निकाल बाजूने लागला. आता त्या तिकडे आहेत. भेटलो त्या दिवशी बॅगा भरत होत्या.

संशयाला काहीच आधार नाही असंही म्हणता येत नाही. पीआरपुरतं लग्न करून विमानतळावरूनच गायब होणारे आहेत. उलट बाजूने, लग्न करून, हुंडा घेऊन, "व्हिसा आला की बोलावतो" म्हणत कायमचे निघून गेलेले नवरेही आहेत. अशा बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. फोटो तपासणारा अधिकारी खोटं लग्न एक वेळ पकडेल. खऱ्या लग्नातला खोटा नवरा त्याला कसा दिसणार?

कॅनडाने २०१२ मध्ये एक उपाय करून बघितला. नातं दोन वर्षांहून जुनं नसेल आणि मूल नसेल, तर पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट. हेतू फसवणूक रोखण्याचा होता. घडलं असं की नवऱ्याच्या हाती "परत पाठवीन" ही धमकी आली. छळ झाल्यास सूट होती, पण परक्या देशात, परक्या भाषेत ती मागायची कुणी? एप्रिल २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलीने एवढं पाठ करून जावं: पीआर हातात आला की तो तिचा असतो, नवऱ्याचा नव्हे, आणि छळ सहन न होऊन वेगळं झाल्याने तो जात नाही.

भाचीची फाइल एका बुधवारी ऑनलाइन गेली. तिकडच्या सरकारने बऱ्याच वर्षांपूर्वी बारा महिन्यांचं उद्दिष्ट जाहीर केलेलं आहे. बारा महिने म्हणजे एक मंगळागौर, एक दिवाळसण, एक संक्रांत. पहिलेपणाचे सगळे सण नवऱ्याविना. हलव्याचे दागिने घालून ती मोबाइलसमोर बसली आणि सासूबाईंनी स्क्रीनला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. ओळखीचे लोक भेटले की "आलं का?" एवढंच विचारत. काय आलं हे सांगावं लागत नसे. रात्री ती स्टेटस बघायची. कुणीतरी सांगितलं, पाच डॉलर भरून फाइलवरच्या अंतर्गत नोंदी मागवता येतात. तशा जावयाने मागवल्या. चार पानं आली, त्यात अधिकाऱ्याची एक ओळ होती: फोटो व संभाषण पाहिलं, शंका नाही.

कोणत्या फोटोने शंका गेली, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. आम्ही आपापले अंदाज बांधले. त्या रविवारी एकोणीस निवडून झाले होते आणि विसावा सापडत नव्हता. शेवटी आजीने मेथीचे हात पुसले, टाकून दिलेल्या ढिगातून एक काढला आणि टेबलावर ठेवला. दुपारचे चार वाजले असावेत. पंगती उठलेल्या, मांडवात खुर्च्या एकावर एक चढवून ठेवलेल्या. कोपऱ्यात दोघं जेवायला बसली आहेत. तिच्या मुंडावळ्या मागे सारलेल्या, त्याचा फेटा मांडीवर. ती काहीतरी सांगते आहे आणि तो घास हातात धरून तसाच थांबला आहे. फोटो किंचित हललेला. फोटोग्राफरने अल्बमसाठी बाद ठरवला होता. "हा घाल," आजी म्हणाली. "ह्यात कुणाचं लक्ष नाही."

गेल्या महिन्यात भाची गेली. चौदाशे फोटोंचा अल्बम करायचा राहूनच गेला. पेनड्राइव्ह बहिणीच्या कपाटात आहे. आजीकडे आहे ती फाइलची झेरॉक्स. वीस फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण ते इंग्रजीत लिहिलेलं, आणि मागे ती दहा पानं. इंग्रजी आजीला येत नाही. मूळ मराठी ओळी मात्र डाव्या बाजूला तशाच ठेवलेल्या आहेत, तेवढ्या ती चष्मा लावून वाचते. परवा मी गेले तेव्हा तिने एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "हे काय गं, रात्री अडीच वाजता 'जेवलीस का?' विचारतोय हा?"

मी म्हटलं, "आई, तिकडे संध्याकाळ असते."

"असू दे," ती म्हणाली, आणि पान उलटलं.